किप्पूरच्या दिवशी सायकल

मावशी, शालोम.

पेसाखच्या (वसंतातल्या आपल्या सणाच्या) तीन आठवडे आधी आम्ही ठाण्याहून इस्राएलमधल्या अश्दोदला आलो. मी, नवरा, सतरा वर्षांचा मुलगा, बारा वर्षांची मुलगी आणि 73 वर्षांच्या सासूबाई. ठाण्यात आमचं सगळं आयुष्य टेंभी नाक्याच्या मशिदीभोवती गेलं. मी मुलुंडला एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे. शनिवारी शब्बाथची (विसाव्याच्या दिवसाची) सुट्टी मिळावी म्हणून तेरा वर्षं रविवारी सकाळी जाऊन हिशेब पुरे केले. शुक्रवारी चारची लोकल चुकली की जीव खाली-वर व्हायचा, कारण शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो, वेळेवर दिवे लागायला हवेत.

इथे शुक्रवारी दुपारी सगळं गावच बंद होतं. कुणाकडे रजा मागायला नको. आणि माझ्याच घरात शब्बाथ उरला नाही. नवरा कारखान्यात शनिवारची पाळी मागून घेतो, कारण दीडपट पैसे मिळतात. मुलगा शनिवारी सकाळी मित्रांबरोबर समुद्रावर, मुलगी फोनमध्ये. साल क्लिता (नव्यानं आलेल्यांना मिळणारी सरकारी मदत) संपत आली म्हणून मी उल्पान (हिब्रूचा वर्ग) अर्ध्यावर सोडलं. आता आठवडाभर एका वृद्धाश्रमात आजी-आजोबांना आंघोळी घालते आणि शुक्रवारी जे अंग टाकते ते शनिवारी दहाला उठते. बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे मुलीला दुभाषी म्हणून न्यावं लागतं.

किप्पूरला, वर्षातल्या सगळ्यात पवित्र उपासाला, तर कहर झाला. मुलगी शेजारच्या पोरांबरोबर भर हमरस्त्यात सायकल चालवत होती. सासूबाई पांढरी साडी नेसून खिडकीशी बसल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. "यहुदी म्हणून जगायला आणलंत ना मला?" एवढंच म्हणाल्या. मशिदीतही येत नाहीत. घराखालच्या मशिदीत एकदा नेलं होतं, तिथे एका बाईनं विचारलं, भारतात तुम्ही कोशेर (खाण्याचे यहुदी नियम) पाळायचात का? झालं, पुन्हा पाय ठेवला नाही. (खरं सांगू का, मिमूनाला, म्हणजे पेसाख संपतो त्या रात्री, शेजारची मोरोक्कन बाई मुफलेता नावाची पोळी घेऊन आली, तेव्हा कोशेर असेल-नसेल म्हणून सासूबाईंनीच ती परत पाठवली होती.)

सायरनची आणि मुलाच्या लष्कराची भीती वाटते, पण ती कळते तरी. हे कळत नाही. आमचं काय चुकलं? परत जावं का?

ठाण्याची, सध्या अश्दोदची

•

अगं,

तुला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', यात माझी पाच मिनिटं गेली. मग म्हटलं, हिब्रूत एकट्या माणसाला 'तुम्ही' म्हणायची सोयच नाही. पंतप्रधानालाही 'अता', टॅक्सीवाल्यालाही 'अता'. शिवाय मी सत्तरी गाठलेली. तेव्हा तू.

इतर वाचकांसाठी आधी एक खुलासा, नाहीतर गोंधळ व्हायचा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, सिनेगॉगला (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला) पूर्वापार मशीद म्हणतो. मुंबईतलं आमचं 1796 सालचं शाआर हाराहामीम अजून 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखलं जातं आणि मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं आमचे लोक छाती फुगवून सांगतात. पत्रातली टेंभी नाक्याची मशीद म्हणजे 1879 सालचं शाआर हाशामायीम.

आता तुझं पत्र. त्यात एक वाक्य तू सहज लिहून गेलीस आणि पुढे सरकलीस. तेरा वर्षं रविवारी सकाळी जाऊन हिशेब पुरे केले. म्हणजे ठाण्यातला शब्बाथ तू विकत घेत होतीस, दर आठवड्याला, अर्धा रविवार मोजून. साहेबाची कुरकुर, चारची लोकल, शेजारी हळदीचा बँड वाजत असताना न पेटवलेला गॅस, ही सगळी त्याची किंमत. शनिवारी पेपर असला की पोराला पाठवायचं की नाही यावर तुमच्या घरी भांडणं झाली असतीलच. आमच्या भायखळ्याच्या घरी तर ताटं आपटायची. पण त्या भांडणातूनच पोराला कळायचं की आपल्या घरात काहीतरी वेगळं आहे आणि ते मोठ्या माणसांना महत्त्वाचं वाटतं.

इथे नगरपालिका आणि बसवाले मिळून शब्बाथ करतात आणि तुझ्या दारात आणून ठेवतात. बस बंद, बँक बंद, दुकानाचं शटर खाली. फुकट आलेली वस्तू माणूस कुठे ठेवतो? कोपऱ्यात.

कोकणात आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून ऐकवलंय. पण विचार कर, अलिबाग-पेणचे सगळेच घाणे शनिवारी बंद असते, तर आपल्याला शनवार तेली कोण म्हणणार होतं? तुझा नवरा, तुझी पोरं आणि तू आता अशा गावात येऊन पडला आहात जिथे सगळेच घाणे बंद आहेत. म्हणून तुमचा बंद असलेला दिसत नाही. तुमचं चुकलं-बिकलं काही नाही. एक काम होतं, ते सुटलं, आणि त्याच्या जागी दुसरं अजून हातात घेतलेलं नाही.

आम्ही 1969 साली मुंबईहून दिमोनाला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. वडील गिरणीतले, त्यांना तिथेही सूतगिरणीतच काम मिळालं. चारी बाजूंना नेगेवचं वाळवंट, तिमजली खोकड्यांसारख्या इमारती, आणि आई दर गुरुवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायची. शुक्रवारी त्या कुस्करून, गाळून किद्दूशचं (शब्बाथच्या जेवणाआधीच्या आशीर्वादाचं) शरबत करायची, जसं भायखळ्याला करायची तसं. खालच्या दुकानात किद्दूशच्या वाइनची बाटली सहज मिळत होती, महाग नव्हती, कोशेरचा शिक्का होता. मी म्हणायचे, आई, बाटली आण ना, कशाला हात काळे करतेस? ती म्हणायची, बाटली उघडायला किती वेळ लागतो?

हे तिचं उत्तर मला तेव्हा उत्तरच वाटलं नाही. प्रश्नाला प्रश्न. मला मैत्रिणींसमोर त्या गढूळ शरबताची लाज वाटायची. पुढे मी बेर-शेवाला नर्स झाले, पाळ्या करू लागले, कित्येक शब्बाथ वॉर्डात काढले. तेव्हा कळलं की आईला मनुकांचं काही पडलं नव्हतं. तिला गुरुवारची रात्र हवी होती. एक दिवस आधी हात कामाला लागले की येणारा दिवस आपला होतो. तुझी चारची लोकल हीच तुझी मनुका होती. ती लोकल इथे नाही.

तेव्हा माझा पहिला सल्ला असा की शनिवारच्या मागे लागू नकोस. मुलाला समुद्रावरून ओढून आणू नकोस. सतरा वर्षांच्या पोराला आठ महिन्यांत मित्र मिळालेत हे कमी नाही. मी किती पोरं पाहिली जी वर्षभर खोलीतून बाहेर पडली नाहीत. तू शुक्रवारची संध्याकाळ धर. दिवे लागल्यापासून ताटं उचलेपर्यंत, दीड-दोन तास. तेवढ्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत, सगळे टेबलाशी, किद्दूश मुलानं म्हणायचं. बापानं नाही, मुलानं. त्याला ते काम दे. ताटात काय असेल याची चिंता नको, डाळ-भात चालेल. पण एक पदार्थ असा असू दे की जो गुरुवारी सुरू करावा लागतो, आणि तो एकट्या तुझ्याच्यानं होणार नाही. बाकी शनिवार ज्याचा त्याला सोड. ही तडजोड आहे हे मला माहीत आहे आणि एखाद्या रब्बीला (धर्मगुरूला) विचारलंस तर तो कान पकडेल. मी रब्बी नाही.

नवऱ्याचं जरा नाजूक आहे. इथला कायदा म्हणतो, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम केलं तर किमान दीडपट पगार. अश्दोदची भाडी तुला माहीत आहेत, वर अर्नोना (घरपट्टी), वर इमारतीचा वाअद बाइत (आपल्या सोसायटीचा मेंटेनन्सच तो, भांडणंसुद्धा तीच). साल क्लिताचे हप्ते संपल्यावर ती दीडपट काय असते हे ज्याच्या घरी घडलं त्यालाच कळतं. आमच्या वडिलांनीही शनिवारची पाळी केली. आई बोलली नाही, पण आठवडाभर डबा भरताना झाकण जरा जोरात लावायची. तू तसं करू नकोस. त्याच्यासमोर कागद घेऊन बस, तू हिशेबाची बाई आहेस. शनिवारच्या पाळ्यांतून महिन्याला किती जास्त येतात, ते कशात जातात, आणि कोणत्या महिन्यापर्यंत ते लागणार आहेत, हे लिहून काढा. "हे असंच चालायचं" आणि "अमुक महिन्यापर्यंत" यांत फार फरक असतो. तारीख ठरली की त्याचा अपराधीपणाही आटोक्यात येतो, आणि खरं सांगू, तुझ्या पत्रावरून वाटतं की तो तुझ्यापेक्षा जास्त खंतावत असणार. लेकाला समुद्रावर जाऊ नको म्हणायचा त्याला तोंड नाही, म्हणून तो गप्प आहे.

आता सायकल.

किप्पूरला आपण दारफळणीचा सण म्हणतो. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, उपास, बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही. तुझ्या सासूबाईंनी सत्तरहून जास्त किप्पूर असे काढले, की दाराबाहेर ठाणं नेहमीसारखं चालू आहे, रिक्षा, भोंगे, फेरीवाले, आणि दाराच्या आत शांतता. ती शांतता त्यांनी दार लावून केली. इथे त्यांनी खिडकी उघडली तर रस्त्यावर एक गाडी नाही. जवळपास अख्ख्या देशात नाही. आणि गाड्या नाहीत म्हणून पोरं सायकली काढतात. इथल्या मुलांना वर्षातून एकदाच हमरस्ता मिळतो. माझी तिन्ही पोरं त्या दिवशी बेर-शेवाच्या हमरस्त्यावर गुडघे फोडून आली आहेत. पहिल्या वेळी मीही हबकले होते.

सासूबाईंना हे समजावून सांगायला जाऊ नकोस. तुझं बोलणं त्यांना सारवासारव वाटेल. नातीला पाठव. तिनं आजीला विचारावं, आजी, तुझ्या लहानपणी दारफळणीच्या सणाला काय करायचात? आणि दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या सणाला? नव्याच्या सणाला चिकाचा हलवा कोण ढवळायचं? अनाशी ढाकाचा सण म्हणजे काय? माझी पैज आहे, मुलीला यातलं काहीही माहीत नाही, कारण तिला शाळेत हेच सण किप्पूर, रोश हशाना, पेसाख अशा हिब्रू नावांनी शिकवलेत आणि तिला वाटतं आजीचे सण वेगळे. आजीलाही तेच वाटतं. दोघींना ते एकच आहेत हे कळलं तर सायकलीचं ओझं हलकं होईल. आणि नाही झालं तरी दोघी मराठीत बोलतील, तेवढा तरी फायदा.

मुलीवरून आठवलं. तिला डॉक्टरकडे दुभाषी म्हणून नेणं ताबडतोब थांबव. हे मी मावशी म्हणून नाही, चाळीस वर्षं नर्स म्हणून सांगते. बारा वर्षांच्या पोरीनं आजीच्या लघवीच्या तक्रारी डॉक्टरला सांगायच्या? ती अर्धं गाळते, लाजेनं. डॉक्टर जे सांगतो त्यातलंही अर्धं गाळते, आजी घाबरेल म्हणून. मी माझ्या डोळ्यांदेखत पाहिलंय, एका पोरानं आईला रोज दोनदा घ्यायची गोळी आठवड्यातून दोनदा सांगितली होती. आणि घरात जी व्यक्ती बँकेशी, डॉक्टरशी, शाळेशी बोलते, ती घरातली मोठी होते. बारा वर्षांची पोर मोठी झाली की मग ती आईचं का ऐकेल? तुमच्या कुपात खोलीममध्ये (आरोग्य विम्याच्या दवाखान्यात) मराठी बोलणारी नर्स किंवा कारकून आहे का विचार, अश्दोदमध्ये असायची शक्यता दांडगी आहे. नसेल तर आपल्यातली एखादी मोठी बाई बरोबर ने. बदल्यात तिला वाटाण्याच्या करंज्या दे. हा व्यवहार आम्ही दिमोनात पन्नास वर्षं केला.

सासूबाईंना त्या कोशेरच्या प्रश्नाचा एवढा राग का आला, हे तुझ्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. 1962 साली मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांनी सूचना काढली की बेने इस्राएलच्या माणसाचं दुसऱ्या यहुद्याशी लग्न लावताना त्याच्या कुळाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा. म्हणजे दोन हजार वर्षं शेमा (आपली मुख्य प्रार्थना) म्हणत आलो आणि इथे येऊन दाखला आणा. आपल्या लोकांनी धरणी धरली, उपोषणं केली, 1964 च्या उन्हाळ्यात येरुशलाइमच्या रस्त्यावर उतरले. त्याच ऑगस्टमध्ये क्नेसेतनं (इथल्या संसदेनं) ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, आणि मग सूचनेतून आपलं नाव गेलं. तुझ्या सासूबाई तेव्हा ठाण्यात बारा-तेरा वर्षांच्या असतील. घरी इस्राएलहून पत्रं येत असतील आणि मोठी माणसं ती वाचून गप्प होत असतील. ते त्यांच्या मनात कुठेतरी आहेच. खालच्या मशिदीतल्या बाईनं साधी चौकशी केली असेल, पण सासूबाईंना ऐकू आलं ते 1962.

पण मुफलेता परत पाठवली ना! ते वाचून मी इतकी हसले की चहा सांडला. म्हणजे मोरोक्कोवालीनं आपलं कोशेर तपासलं तर अपमान, आणि आपण तिचं तपासलं तर धर्म. अगं, सगळे असेच आहेत इथे. जिथून आलो तिथलं तेवढं खरं, बाकीच्यांचं तपासून घ्यावं. अश्दोदमध्ये मोरोक्कोचे, जॉर्जियाचे, रशियाचे, इथियोपियाचे, फ्रान्सचे, सगळ्यांच्या आज्या एकमेकींच्या ताटाकडे तिरक्या नजरेनं बघतात. त्या शेजारणीकडे तू स्वतः जा. मुफलेता म्हणजे तव्यावरची मऊ पातळ पोळीच, लोणी-मध लावलेली. तिच्या घरी बसून खा, आणि येताना तिला एकदा आपल्याकडे बोलाव. सासूबाईंना आधी सांगू नकोस.

मशिदीचं म्हणशील तर खालच्या मशिदीचा नाद सोड. तिथली चाल वेगळी, म्हणणं वेगळं, त्यांना कानाला लागत नाही. अश्दोदमध्ये बेने इस्राएलची मशीद आहे, जरा लांब पडेल. शब्बाथला बस नाही, म्हणून आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी घेऊन जा. एकदा का "शालोम, कशा आहात, कुठल्या तुम्ही, पेणच्या का नागावच्या?" असं कुणी विचारलं, की पुढचं तुला करावं लागणार नाही. म्हातारी माणसं दिवसा जिथे जमतात असे मोआदोनही असतात, तिथे आपल्या बायका मराठी गाणी म्हणत बसतात. आणि बितुआख लेउमीत (सरकारी विमा कचेरीत) जाऊन त्यांच्या पेन्शनची चौकशी केलीस का? उतारवयात आलेल्या ओलिमसाठी (इथे राहायला आलेल्या यहुद्यांसाठी) तिथे वेगळा भत्ता असतो, उत्पन्न बघून देतात. स्वतःच्या नावावर चार पैसे आले की सासूबाईंचा सूर बदलतो हे सार्वत्रिक सत्य आहे, इस्राएलचा त्यात काही संबंध नाही.

आता तुझ्यावर येते. पत्रात तू सगळ्यांवर एकेक परिच्छेद लिहिलास आणि स्वतःवर दोन ओळी. उल्पान अर्ध्यावर सोडलंस. ते पुन्हा धर, संध्याकाळचं मिळतं. दमून जाशील, मला माहीत आहे. पण तुला एक गोष्ट सांगते जी उल्पानमधली तुझी शिक्षिका सांगणार नाही, कारण तिला मराठी येत नाही. इंग्रजी बोलणारे ओलिम हिब्रूत रडतात ते बाई-पुरुषाच्या क्रियापदांवर. 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत फरक करायचा हे त्यांच्या डोक्यातच शिरत नाही. 'अनी होलेख', 'अनी होलेखेत'. आपल्याला हे आईच्या दुधातून आलंय. टेबलाला लिंग असतं, खुर्चीला असतं, हे ऐकून अमेरिकन माणूस कपाळाला हात लावतो. तू लावणार नाहीस. भूतकाळात 'मी' ला फरक नाही, तिथे तर आपल्यापेक्षा सोपं.

हिब्रू जरा रुळली की हन्हालत खेश्बोनोतचा (हिशेबनिशीचा) कोर्स बघ. सुग (पातळी) एक आणि दोन आधी, तीन नंतर. जमा-खर्च इथेही डाव्या-उजव्या बाजूलाच लिहितात, तू तेरा वर्षं केलेलं वाया जात नाही. वृद्धाश्रमातलं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः तेच केलंय, फक्त युनिफॉर्म वेगळा. पण जी बाई आकड्यांची आहे ती आठवडाभर आकड्यांशिवाय राहिली तर शनिवारी दहापर्यंत झोपणारच. ती झोप थकव्याची कमी आणि कंटाळ्याची जास्त असते.

हो, आणि रविवार. तू लिहिलं नाहीस, पण पहिल्या वर्षी सगळ्यांना रविवारच आठवतो. सकाळी मटण आणायला जायचं, दुपारी लोळायचं. इथे रविवारी सात वाजता बस पकडायची म्हणजे शिक्षा. त्याचं काही करता येत नाही. मला छप्पन्न वर्षं झाली, अजून रविवारी सकाळी जरा वाईट वाटतं.

लष्कराबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, मी दोन ओळींत सांगते. मुलाला त्साव रिशोन (लष्कराचं पहिलं बोलावणं) आलं की बरोबर जा, दारापर्यंत, आत नाही. आणि सायरन झाला की सासूबाईंना ममादमध्ये (घरातल्या सुरक्षित खोलीत) कोण नेणार हे आधी ठरवून ठेव, अश्दोदला पंचेचाळीस सेकंदांत वाद घालायला वेळ नसतो.

परत जावं का, या प्रश्नाला मी भीत नाही. आपल्यातले लोक गेलेत. 1951-52 साली आपल्या काही कुटुंबांनी तेल अवीवला धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून, आणि त्यांना पाठवलं गेलं. त्यातले पुष्कळ जण पुन्हा इकडे आले. त्यांना हसू नकोस. दोन्हीकडे राहून बघणं हा गुन्हा नाही. पण कागदाचं ध्यानात ठेव. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. इथलं घेतलंस तेव्हाच तिथलं गेलं. जुने पासपोर्ट रीतसर जमा करून दाखला घ्या आणि सगळ्यांच्या ओसीआय कार्डाचे (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीच्या कार्डाचे) अर्ज भरा, सासूबाईंचा आधी. ओसीआय असलं की ठाण्यात राहता येतं, नोकरी करता येते, मत तेवढं देता येत नाही. परतीचं दार उघडं आहे हे माहीत असलं की माणूस खोलीत शांत बसतो. निर्णय तू पुढच्या पेसाखनंतर घे. एक वर्षाचे सगळे सण एकदा फिरून येऊ देत. आत्ता घेतलास तर तो किप्पूरच्या त्या खिडकीतून घेतलेला असेल.

त्याआधी एक काम कर. मुलगी बारा वर्षांची आहे म्हणतेस, आणि बात मित्स्वाचा (मुलगी धर्मानं सज्ञान होते त्या सोहळ्याचा) पत्रात उल्लेख नाही. म्हणजे केली नाही, पैशांमुळे असेल. हॉल नको, डीजे नको. तू-बिश्वात या झाडांच्या सणाला घरी मलिदा, आपला पोह्यांचा प्रसाद, कर. तिकडे असताना त्या दिवसांत सागावजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) टाप्याला, गेलीच असशील. खडकावर रथाच्या चाकांची खूण आहे म्हणतात तो. इथे आपले लोक हैफाला कार्मेल डोंगरावरच्या एलियाहूच्या गुहेत जातात. तिथे पुढे कधीतरी जा. यंदा घरीच. नवऱ्यानं ती एक पाळी सोडावी. मशिदीतली चार माणसं बोलाव, 'एलियाहू हन्नाबी' म्हणायला आवाज लागतात. वृद्धाश्रमातली एखादी मैत्रीण झाली असेल तर ती. मोरोक्कनवाली शेजारीण नक्की. मुलाचे समुद्रावरचे मित्रही येऊ देत. ताट हातात धरून पोहे खाणारी ती पोरं बघून तुला गंमत वाटेल, आमच्याकडे एकदा एका रशियन पोरानं तीनदा मागून घेतले होते.

पोहे रामलेच्या किंवा तुमच्याकडच्या भारतीय दुकानात मिळतील. धुऊन निथळत ठेव, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, मनुका. पाच फळं लागतात. खजूर तर इथला घ्यावा असाच आहे. नारळ खवलेला गोठवून पाकिटात मिळतो, तो घेऊ नकोस. अख्खे दोन आण, महाग पडतील, पडू देत. ठाण्याहून निघताना सासूबाईंनी सामानात विळी कोंबली असणार आणि वजनावरून तुमचं भांडण झालं असणार, मी ओळखते या बायकांना. ती कुठल्या तरी कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून पडली असेल. आदल्या रात्री काढ, त्यांच्यासमोर ठेव, आणि नातीला शेजारी बसव. विळी जुनी असेल तर खवणीच्या दात्यांना जपायला सांग, पोरीच्या बोटाला लागायचं.